सात मिनिटं बावीस सेकंद

न्हावऱ्यात जालिंदरला लोक दोन गोष्टींसाठी ओळखायचे. एक म्हणजे त्याच्या डेअरीवर दुधाची फॅट कधी खोटी लागत नाही. आणि दुसरी म्हणजे दुपारी कानात मोबाईलची बोंडं घालून तो बसला, की खुद्द सरपंच आला तरी मान वर करत नाही. काय ऐकतो ते कुणालाच धड माहीत नव्हतं. शेजारच्या हौशीरामनं एकदा हट्टानं एक बोंड स्वतःच्या कानात घातलं आणि इंगळी डसल्यासारखं उपसून काढलं. "आरं, कुणाचा गळा दाबत्यात का काय ह्यात?" असं म्हणून तो निघून गेला, आणि तेव्हापासून गावानं जालिंदरच्या गाण्याचा विषय सोडून दिला.

गावाचं चुकलं असं म्हणवत नाही. जालिंदर ऐकायचा ते चांगल्या चांगल्या गवयांनाही पचणारं नव्हतं. तालाला धरबंद नसलेलं जॅझ, आणि ज्यू लोकांच्या जुन्या प्रार्थना, लग्नाच्या चाली मोडून नव्यानं बांधलेलं काहीबाही. त्यात क्लॅरिनेट रडते की हसते ते कळत नाही. ड्रमवाला मधेच काठ्या खाली ठेवून नुसता श्वास घेतो, कुणी मेंढ्याच्या शिंगाचा शोफार फुंकतो, कुणी टेबलावर चमचे आपटतो. अशा रेकॉर्डी काढणारे पाचशे प्रती काढतात आणि त्यातल्या चारशे घरात पडून राहतात. त्यातली एक शिरूर तालुक्यातल्या एका डेअरीत, फॅटच्या मशीनशेजारी बसून ऐकली जाते, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं.

हा किडा जालिंदरच्या डोक्यात सोडला दौंडच्या संपत ओव्हाळांनी. संपतआप्पा रेल्वेत सिग्नल खात्यात होते. बारा वर्षांपूर्वी जालिंदरचं मशीन बंद पडलं तेव्हा कुणीतरी सांगितलं, दौंडात रेल्वे लायनीच्या मागं एक आप्पा आहेत, ते वायर असलेलं काहीही नीट करतात. जालिंदर मशीन गाडीला बांधून भीमा ओलांडून गेला. आप्पा मशीन उघडून बसले. कोपऱ्यातल्या टेपवर काहीतरी किंचाळत होतं.

"आप्पा, तुमचा टेप बी बिघडलाय जनू," जालिंदर म्हणाला.

"टेप शाबूत हाय. तुमचा कान बिघडलाय," आप्पा मान वर न करता म्हणाले. "पाच मिनिटं गप बसा."

त्या पाच मिनिटांचे अडीच तास झाले. जालिंदर संध्याकाळचं दूध घ्यायला उशिरा पोचला आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

आप्पांनाही हे वेड दुसऱ्याकडूनच लागलेलं. त्यांचे जुने साहेब, झिराडकर, कोकणातले बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू. घरात तुमच्याआमच्यासारखं मराठी बोलणारे, सणाला मराठीतून कीर्तन लावणारे. मुलांकडे इस्राएलला कायमचे जाताना त्यांनी कॅसेटींचा एक खोका आप्पांच्या हवाली केला, आणि पुढं जिवंत होते तोवर पार्सलं पाठवत राहिले. आप्पा म्हणायचे, "साहेबानं मला सिग्नल शिकवला आन् ऐकायला शिकवलं. पयलं सुटलं, दुसरं सुटंना."

मग दर गुरुवारी सकाळचं दूध टँकरला घातलं की जालिंदर दौंडला जायचा. आप्पांच्या बायकोनं, राजश्रीवहिनींनी, शाळेत जाण्याआधी दोघांचा स्वयंपाक झाकून ठेवलेला असायचा. भिंतीवर बाबासाहेब, खाली दोन खुर्च्या, मधे स्पीकर. ओव्हाळांच्या घरी जेवतो म्हणून भावकीत दोन दिवस कुजबुज झाली. नंतर भावकीला दुसरा विषय मिळाला. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, बोलायला फटकळ. "तुम्ही दोघं नळाचा आवाज ऐकून माना डोलावता," असं त्या तोंडावर म्हणायच्या, आणि दोघांनाही ते आवडायचं.

मोबाईल आल्यावर ह्या नादाला पंख फुटले. कुठून कुठून सात जण गोळा झाले आणि त्यांनी एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'बेसूर मंडळ'. कोल्हापूरचे एक दातांचे डॉक्टर, पुण्यातल्या शितल मॅडम, नागपूरचा एक बँकवाला. कोणत्या रेकॉर्ड कंपनीनं काय काढलं, कुणी जुन्या प्रार्थनेला कसा हात घातला, यावर भांडणं चालायची. जालिंदर दहावी नापास. पण त्याचं मत आलं की डॉक्टरसुद्धा थांबून वाचायचे. ही गोष्ट त्याला फार मोलाची होती. गावात त्याला फॅटपलीकडे कुणी काही विचारत नव्हतं.

आप्पांनी आणि त्यानं आपसात एक खेळ ठेवला होता. रोज दुपारी एकानं दुसऱ्याला एक तुकडा पाठवायचा. नाव नाही, गाव नाही, सोबत एक अक्षर नाही. दुसऱ्यानं तो पूर्ण ऐकायचा, आधी मत लिहायचं, मग ओळखायचं. मत लिहिल्याशिवाय पाठवणाऱ्याला एक शब्द विचारायचा नाही. नियम आप्पांचा, आणि ते त्यात कच्चे नव्हते. एकदा जालिंदरनं आधीच फोन करून विचारलं, तर त्यांनी आठ दिवस तुकडाच पाठवला नाही.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आप्पांकडून तुकडा आला. सात मिनिटं बावीस सेकंद. ह्या वेळी तो व्हॉइस मेसेज होता, पण त्यात नवल नव्हतं. खूप जुन्या कॅसेटी आप्पा स्पीकरसमोर मोबाईल धरून तशाच पाठवायचे.

जालिंदरनं बोंडं घातली आणि डोळे मिटले. आधी काही नाहीच. मग एक श्वास, खरखरीत, अर्ध्यावर अडकलेला. पुन्हा श्वास. खूप वेळानं घशातून एक लांब आवाज, त्याला ना सूर ना शब्द. मग धातूचं काहीतरी फरशीवर पडलं, घरंगळत गेलं, आणि थोड्या वेळानं कुणीतरी ते ठोकायला लागलं. तीन ठोके, थांबा, दोन ठोके, मोठा थांबा, एक. चौथ्या मिनिटाला लांबून आगगाडीचा हॉर्न आला आणि त्या हॉर्नच्या खालून तोच घशातला आवाज वर चढत गेला. जालिंदरच्या अंगावर काटा आला. शेवटी नुसतं कापड घासल्यासारखं काहीतरी, आणि बंद.

त्यानं ते तीनदा ऐकलं. असं काही त्यानं बारा वर्षांत ऐकलं नव्हतं. मग अंगठ्यानं जपून जपून लिहायला घेतलं: "आप्पा, तीनदा ऐकलं. दर वेळी नवं सापडतं. नुसत्या श्वासावर इतका वेळ उभा राहणारा वादक मी पहिल्यांदा ऐकला. ऐकणाऱ्याला दया यावी म्हणून तो काहीएक करत नाही. हॉर्नखालचा आवाज तर काळीज चिरून जातो. भांड्याचे ठोके थोडे जास्त झाले, तेवढे कमी चालले असते. पोलंड का?"

निळ्या खुणा लगेच झाल्या. आप्पांनी वाचलं होतं. उत्तर मात्र नाही. जालिंदर मनातल्या मनात हसला, म्हातारा ताणतोय. आणि त्याला राहवलं नाही म्हणून त्यानं तो तुकडा मंडळात पाठवला. खाली लिहिलं, "आप्पांनी पाठवलंय. ओळखा."

मंडळ तुटून पडलं. दातांचे डॉक्टर म्हणाले, शोफारमध्ये सूर न काढता नुसती हवा सोडली आहे, मी असा प्रयोग वाचला होता. शितल मॅडमनी लांबलचक लिहिलं की ज्यूंच्या नव्या वर्षाच्या उपासनेत शोफारचे तुटक आवाज असतात, हुंदक्यांसारखे, मोडलेल्या माणसाच्या रडण्यासारखे, आणि हे सगळं त्यावर बांधलेलं आहे. बँकवाल्याला आगगाडी खटकली. त्यावर अर्धा तास वाद झाला. जालिंदरनं आगगाडीची बाजू घेतली. स्टेशनजवळच्या घरात मुद्दाम खिडकी उघडी ठेवून रेकॉर्ड केलंय, असं त्यानं छातीठोक सांगितलं. स्टेशनजवळच्या ज्या घरात तो शेकडो गुरुवार बसला होता ते त्याला आठवलं नाही. चर्चा पाच वाजेपर्यंत चालली. सगळ्यांनी एकमतानं ठरवलं, ह्या वर्षात ऐकलेलं सगळ्यात सच्चं काम.

सहाच्या सुमाराला डेअरीवर रांग लागली असताना वहिनींचा फोन आला. त्या धापा टाकत बोलत होत्या.

"भाऊजी, हे पडलेत. मी शाळेतनं आले तर स्वयंपाकघरात खाली पडलेले. उजवी बाजू गेलीय, तोंड वाकडं झालंय. बोलता येईना. ताट वाढलेलं तसंच हाय, म्हंजी दुपारीच झालं आसंल. अँब्युलन्सनं पुण्याला चाललोय, तुम्ही या."

जालिंदरच्या हातातलं दुधाचं माप तसंच राहिलं. 'दुपारीच' हा शब्द ऐकला आणि पुढचं कुणी सांगायची गरज उरली नाही. तांब्या, फरशी, हॉर्न, सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. रांगेतला कुणीतरी म्हणाला, "जालिंदर, उतू चाललंय." माप भरून त्याच्या पायावर दूध सांडत होतं.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते हेच, की झटका किती वाजता आला. साडेचार तासांच्या आत आणला असता तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. वहिनी म्हणाल्या, "मला ठाऊक नाही हो. मी शाळेत होते." जालिंदर त्यांच्या मागं उभा होता. त्याला मिनिटासकट ठाऊक होतं. आठ वाजत आले होते, आता सांगून काय उपयोग, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि तो गप्प राहिला. जिन्यात जाऊन मंडळातला तुकडा तेवढा त्यानं पुसून टाकला. आप्पांना पाठवलेलं मत पुसायला मात्र हात धजेना. ते त्यांनी वाचलेलं होतं.

आप्पा वाचले. महिन्यानं घरी आले. उजवा हात, उजवा पाय गेला आणि भाषा गेली. सगळं समजत होतं, पण तोंडातून एकच आवाज यायचा, 'अं', कधी आखूड, कधी लांब. वहिनींनी मोठी रजा टाकली. जालिंदरनं गुरुवार सोडला नाही. उलट तो आठवड्यातून दोनदा यायला लागला. आप्पांना अंघोळ घालायचा, दाढी करायचा, उचलून खुर्चीत बसवायचा. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतात हे." ते ऐकलं की जालिंदरला वाटायचं, जमीन फाटावी.

सांगायचं तर त्याला होतंच. दर खेपेला भीमेच्या पुलावर तो ठरवायचा, आज सांगू. दारात वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या आणि सगळं पोटात जायचं. तो तांब्या एका बाजूनं चेपलेला होता. सांगितलं तर हे दार बंद होईल, आणि ह्या दाराशिवाय त्याला दुसरं कुठलं घर नव्हतं. सांगितलं नाही तर आप्पांच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. मग त्यानं मधला रस्ता काढला. तो नवी नवी रेकॉर्ड आणायचा, स्पीकरला लावायचा आणि आप्पांशेजारी बसून राहायचा. संगीत सुरू झालं की आप्पा 'अं' करायचे, लांब, चढत जाणारा. जालिंदरला वाटायचं, दाद देतायत. तो आणखी अवघड, आणखी नवं काही शोधून आणायचा.

तिकडं मंडळ स्वस्थ बसत नव्हतं. आप्पा आजारी आहेत, एवढंच त्यानं कळवलं होतं. दातांचे डॉक्टर पंधरा दिवसांनी एकदा विचारायचेच: "आप्पांना बरं वाटलं की त्या अल्बमचं नाव तेवढं घ्या. मी तो तुकडा सेव्ह करून ठेवलाय, पेशंट गेले की ऐकतो." जालिंदर तो मेसेज वाचायचा आणि मोबाईल दुधाच्या रजिस्टराखाली सरकवायचा.

फेब्रुवारीतला गुरुवार. जालिंदर पोचला तेव्हा आप्पा पलंगावर उशीला टेकून बसले होते आणि वहिनींच्या हातात आप्पांचा मोबाईल होता. त्या दिवसानंतर तो कपाटात पडून होता.

"भाऊजी, बरं झालं आलात," वहिनी म्हणाल्या. "त्या स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, आजारी पडण्याआधी शेवटचं काय ऐकत होते तिथून सुरुवात करा. म्हणून हा चार्ज केला. ह्यांचा अंगठा लावून उघडलाय. तुमच्या दोघांचंच सगळं आहे यात. हे शेवटचं आहे ना, सात मिनिटांचं?"

"वहिनी, ऱ्हाऊ द्या. म्या नवीन आणलंय."

"नवीन नको म्हणाल्या त्या," आणि वहिनींनी बोट टेकवलं.

खोलीत श्वास उमटला. खरखरीत, अर्ध्यावर अडकलेला. जालिंदरनं आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते आणि डाव्या हातानं चादर घट्ट धरली होती.

वहिनींना चार सेकंद पुरले. पस्तीस वर्षं त्या श्वासाशेजारी झोपलेली बाई ती.

"भाऊजी," त्या हळू म्हणाल्या, "हे गाणं न्हाई. हे आमचे हे हायेत."

पण त्यांनी ते थांबवलं नाही. मोबाईल हातात धरून त्या उभ्या राहिल्या आणि सगळं ऐकलं. भांडं घरंगळलं तेव्हा म्हणाल्या, "हा आपला तांब्या." ठोके पडायला लागले तेव्हा म्हणाल्या, "हाका मारत्यात." हॉर्न आला तेव्हा त्यांनी उघड्या खिडकीकडं पाहिलं.  सात मिनिटं किती लांब असतात ते जालिंदरला त्या दिवशी कळलं.

तुकडा संपला. त्याच्या खाली जालिंदरचं मत होतं. वहिनी मास्तरीण, लिहिलेलं दिसलं की त्यांचं वाचून होतंच. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, एकेक शब्द सुटा करून, पोरांची वही वाचावी तसं. "आप्पा, तीनदा ऐकलं. दर वेळी नवं सापडतं." दयेचं वाक्य त्यांनी वाचलं, काळजाचं वाचलं. "भांड्याचे ठोके थोडे जास्त झाले, तेवढे कमी चालले असते," इथं येऊन त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"तीनदा?"

"व्हय," जालिंदर म्हणाला.

"मी दहा मिनिटांवर होते, भाऊजी. शाळेत फोन होता. माझ्या पर्समध्ये फोन होता. एक फोन करायचा, आप्पा हे काय पाठवलंय म्हणून."

"विचारायचं न्हाई आसा आमचा..." तो बोलता बोलता थांबला. नियम हा शब्द त्याच्या जिभेवर येईना. "वहिनी, मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"गाणं."

वहिनींनी मोबाईल पालथा करून उशाशी ठेवला. रागावल्या असत्या, अंगावर धावून आल्या असत्या, तर त्यानं ते आनंदानं सोसलं असतं. त्या अगदी सपाट आवाजात बोलल्या. "दर गुरुवारी तुम्ही गेलात की हे तासन् तास रडतात. मी त्या मॅडमना सांगितलं, की गाणं ह्यांना फार आवडतं, ऐकून मन भरून येतं. मी तुम्हाला मुद्दाम बोलवत राहिले. म्हटलं, तेवढाच विरंगुळा."

तीन महिने ज्याला तो दाद समजत होता तो लांब चढता 'अं' जालिंदरच्या कानात उभा राहिला. तो गुडघ्यांवर पलंगाजवळ गेला. "आप्पा, चुकलं. माझं लई चुकलं. तुम्ही मला हाक मारली आन् म्या तुमालाच मार्क दिले. मला वहिनींना सांगायचं हुतं. त्याच दिवशी सांगायचं हुतं. तुमचं दार तुटंल म्हणून भ्यालो, आप्पा." तो रडत होता, आणि रडता रडताच आप्पांच्या तोंडाकडं बघत होता, की आता आवाज येईल, कसला का असेना.

आप्पांनी आवाज काढला नाही. त्यांनी डोळे उघडले, जालिंदरकडं नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग चादरीवरचा डावा हात सोडवला. वहिनींना वाटलं पाणी हवंय, त्या उठायला लागल्या. आप्पांनी मान हलवली आणि हात हळूहळू वर नेला. बोट सरळ होतं, आणि ते दाराकडं होतं.

जालिंदर उठला. आणलेली रेकॉर्ड पिशवीतून काढली नव्हतीच, ती पिशवी त्यानं खांद्याला लावली. बाहेर येऊन चपला घातल्या. मोटरसायकलला किल्ली लावली आणि तो थांबला. खिडकी उघडी होती, आत आवाज गेला असता. त्यानं गाडी न्यूट्रलला टाकली आणि ढकलत ढकलत, रेल्वे लायनीच्या मागच्या त्या गल्लीतून पार डांबरी रस्त्यापर्यंत नेली.